जनुक धडधाकट, पण त्याला गप्प करणारा तुकडा बिघडला तर? (मेंढ्या, डुकरं, कोंबड्या इ.)

माळरानी

मंडळी, एका कोड्यासाठी हा धागा काढतोय.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १९८३ साली डॉर्सेट जातीचा एक मेंढा जन्मला. नाव सॉलिड गोल्ड. कंबर आणि मांड्या पैलवानासारख्या भरलेल्या, चरबी कमी. त्याच्या काही पिल्लांतही हेच उतरलं. या गुणाला कॅलिपीज म्हणतात. पुढे वीसेक वर्षांनी मूळ सापडलं: १८ व्या गुणसूत्रावर एका ठिकाणी डीएनएच्या 'ए' या अक्षराच्या जागी 'जी'. एक अक्षर. आणि ते कुठल्याही प्रथिनाच्या जनुकात नाही, दोन जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात आहे.

आता कोडं. बदललेली प्रत बापाकडून आली आणि साधी आईकडून, तर कोकरू भरदार. बदललेली आईकडून आणि साधी बापाकडून, तर कोकरू नेहमीसारखं. इथवर ठीक. पण दोन्हीकडून बदललेली आली तर? कोकरू पुन्हा नेहमीसारखंच! शाळेतला मेंडेल आणि त्याचे वाटाणे इथे हात टेकतात.

माझं मत असं, की पशुपैदाशीच्या गप्पांत आपण 'चांगलं जनुक' शोधत बसतो आणि जनुकांना गप्प करणाऱ्या भागांकडे बघतच नाही. मी संगणकवाला आहे, घरी गावाकडे शेळ्या आहेत, एवढाच माझा अधिकार. जाणकारांनी सांगावं: हे गप्प करणारे तुकडे नक्की करतात काय? मांस, चरबी, शिंगं, कातडी यांच्या घडणीत त्यांचा वाटा किती? आणि ते कोडं सुटतं कसं?

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पहिल्या रांगेत बसतोय.

बुलेटराजा

कोल्हापूरकराला सायलेन्सर शिकवू नका. बुलेटचा सायलेन्सर काढला की इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त अख्खी गल्ली जागी होते. मेंढ्याचं तेच झालंय. धागा संपला, चला घरी.

पेशीपुराण

बुलेटराजा, थट्टेत बरोबर बोललात. शास्त्रातही त्याला सायलेन्सरच म्हणतात. एकच दुरुस्ती: इथे गाडी एकाच गल्लीत आवाज करते, बाकी गावातून मुकाट जाते. सगळं महत्त्व त्यातच आहे.

मी कोंबडीच्या गर्भावर काम करते, मेंढीवर नाही, पण मूळ यंत्रणा सारखीच. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. यकृताची पेशी यकृत राहते ती यकृताची जनुकं चालू असतात म्हणून, आणि तितकीच स्नायूची, मेंदूची, हाडाची जनुकं बंद ठेवलेली असतात म्हणून. चालू करणारे तुकडे (एन्हान्सर) सर्वांना माहीत असतात, कारण ते शोधायला सोपे. सायलेन्सरचं काम उलटं, त्यावर दडपणारी प्रथिनं येऊन बसतात. ती पुढे आणखी एन्झाइमं बोलावतात आणि तिथला डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर खुणा करतात. सर्वांत ओळखीची खूण म्हणजे हिस्टोन एच-३ च्या २७ व्या लायसिनवर (एका अमिनो आम्लावर) तीन मिथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे. ती पॉलिकोम्ब नावाचा प्रथिनसमूह लावतो. खूण लागली की तो भाग आवळला जातो आणि जनुक वाचणारी यंत्रणा तिथे पोचत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. गर्भात असताना स्नायूला काही जनुकं जोरात हवी असतात आणि जन्मानंतर ती बंद व्हायला हवी असतात. सॉलिड गोल्डच्या वंशात बिघडली ती ही बंद होण्याची पायरी. डीएलके-१ हे जनुक मेंढीच्या गर्भातल्या स्नायूत चालू असतं आणि जन्मानंतर थंडावतं. कॅलिपीज कोकरात ते कंबर-मांडीच्या स्नायूत थंडावतच नाही. म्हणून हे कोकरू जन्मतं सर्वसाधारण आणि तीन-चार आठवड्यांनी फुगायला लागतं.

कोड्याचं उत्तर मोठं आहे, रात्री लिहिते. लॅबमधून हाकलतील.

गुरांचा डॉक्टर

कोकरू जन्मतं सर्वसाधारण आणि नंतर फुगतं, हे वरच्या प्रतिसादातलं वाक्य व्यायण्याच्या दृष्टीने लाख मोलाचं आहे. बेल्जियन ब्लू गायींचे फोटो सर्वांनी बघितले असतील, दुहेरी पुठ्ठ्याच्या. त्यांच्यात मायोस्टॅटिन हे जनुकच मोडलेलं आहे, अकरा अक्षरं गळाली आहेत. १९९७ साली सापडलं. मायोस्टॅटिन स्नायूची वाढ आवरतं. ते गर्भापासूनच नाही, त्यामुळे वासरू पोटातच जाडजूड होतं आणि त्या जातीत सिझेरियन हा नेहमीचा मामला होऊन बसलाय. याउलट कॅलिपीज कोकरू जन्मताना नेहमीच्याच अंगाचं, त्यामुळे मेंढी अडत नाही. जनुक मोडणं आणि जनुकाचा आवर एका जागी, एका वेळी ढिला होणं यातला फरक मला रात्री दोन वाजता वासरू ओढताना कळतो.

(आमच्याकडे बेल्जियन ब्लू नाहीत. पण छोट्या गायीला मोठ्या जातीचं वीर्य भरणारे आहेत. त्यांच्यावर वेगळा धागा काढीन.)

शंकासुर

नेहमीप्रमाणे विरोधी पक्षात बसतो.

एक मेंढा, एक अक्षर, चमत्कार. अशा गोष्टी वाचायला झकास असतात. पण वजन, दूध, वाढीचा वेग हे गुण हजारो जागांवर थोडे थोडे विखुरलेले असतात. एका अक्षराने स्नायू बदलल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यावरून 'खरी गंमत गप्प करणाऱ्या भागांत' असा निष्कर्ष काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडून अर्थशास्त्र शिकणं. आणि आपल्या शेळीचं वजन कशाने वाढत नाही हे शोधायला डीएनए कशाला लागतो? जंताचं औषध दिलं का ते विचारा.

गुरांचा डॉक्टर

जंताच्या औषधाला +१००. वजन न वाढणाऱ्या शेळ्यांच्या मालकांना माझा पहिला प्रश्न तोच असतो.

पेशीपुराण

शंकासुर, तुमच्या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मान्य. दुसरा नाही. ते जे हजारो विखुरलेले ठिपके आहेत ना, जनावरांत आणि माणसांतही, त्यांतले बहुतेक जनुकांच्या प्रथिन-भागात पडतच नाहीत. ते मधल्या नियंत्रक पट्ट्यांतच पडतात. ठळक उदाहरणं थोडी आहेत, कारण एका अक्षराचा एवढा मोठा परिणाम क्वचितच होतो. पण छोट्या परिणामांची जागा तीच आहे. म्हणून तर २०१५ च्या सुमारास फॅंग नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला: गाय, डुक्कर, मेंढी, कोंबडी वगैरेंच्या वेगवेगळ्या ऊतींत कुठला पट्टा चालू आणि कुठला आवळलेला, याचे नकाशे करायचे.

लॉटरीवाल्याचं म्हणाल, तर लॉटरी कुठल्या दुकानात लागते हे तरी त्याच्यामुळे कळतं.

शंकासुर

दुकानाचा पत्ता मिळाला की कळवा. :)

हॉलंडातला

डुकरांचं उदाहरण कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. मी राहतो त्या भागात माणसांपेक्षा डुकरं जास्त, आणि माझं काम वराह पैदाशीच्या आकडेमोडीचं.

आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक. डुकरात त्याच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनवताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, ३०७२ व्या जागी 'जी' चा 'ए' झाला आहे. २००३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथला लीफ अँडरसन यांचा गट आणि बेल्जियममधल्या लिएज इथला मिशेल जॉर्ज यांचा गट यांनी मिळून 'नेचर'मध्ये दाखवलं, की या एका अक्षरामुळे जन्मानंतरच्या स्नायूत आयजीएफ-२ चा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची काढलेली नक्कल) तिप्पट होतो. स्नायू वाढतो, पाठीवरची चरबी घटते, हृदयही मोठं होतं. पण गर्भातल्या स्नायूत फरक नाही, यकृतातही नाही.

आणि यातली बापाची बाब. आयजीएफ-२ ची फक्त बापाकडून आलेली प्रत चालते, आईची मिटलेली असते. त्यामुळे पैदासकाराला सोय अशी: नर ज्या कळपातून घ्यायचा तिथे 'ए' पक्का करायचा. माद्यांच्या कळपात जुना 'जी' ठेवला तरी विक्रीच्या पिल्लांना काही कमी पडत नाही, कारण आईची प्रत बोलतच नाही. मादीच्या अंगावर थोडी चरबी असलेली बरी, पिल्लांना पाजताना तिला ती लागते. एकाच जनुकाचे दोन वेगळे वापर, तेही कुणाचं नुकसान न करता.

गंमत म्हणजे पातळ मांसाच्या युरोपियन जातींत हा 'ए' पैदासकारांनी आधीच निवडून ठेवला होता. त्यांना डीएनए दिसत नव्हता, पाठीची चरबी दिसत होती.

आजीची_पोतडी

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. एक साधा प्रश्न. तो तुकडा 'गप्प करतो' हे कळलं कसं? तिथे एक अक्षर वेगळं आहे हे वाचता येतं, मान्य. पण त्याचं काम दडपण्याचं आहे, चालवण्याचं नाही, हे कोणी आणि कसं पाहिलं? 'शास्त्रज्ञांनी शोधलं' असं उत्तर मुलांना दिलं की मी गुण कापायचे.

पेशीपुराण

बाई, पूर्ण गुण तुम्हाला. या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न.

डुकराच्या बाबतीत दोन प्रयोग झाले. एक: काजव्यातलं प्रकाश देणारं जनुक घ्यायचं, त्याला आयजीएफ-२ चा स्वतःचा प्रमोटर (जनुक वाचायला सुरुवात होते तो भाग) जोडायचा आणि शेजारी तो इंट्रॉनचा तुकडा लावायचा. हे सगळं उंदराच्या स्नायूपेशींत सोडायचं आणि उजेड मोजायचा. 'जी' वाला तुकडा लावला की उजेड मंदावतो, 'ए' वाला लावला की तेवढा मंदावत नाही. म्हणजे मूळ तुकडा दडपतो आणि बदललेला ते काम नीट करत नाही. दोन: पेशीकेंद्रातली प्रथिनं काढून त्या तुकड्यात मिसळायची आणि कोणी चिकटतंय का ते जेलच्या, म्हणजे खळीसारख्या थरातून सरकवून बघायचं. 'जी' ला एक प्रथिन चिकटत होतं, 'ए' ला नाही.

ते प्रथिन कोणतं, हे २००९ मध्ये कळलं: झेडबीईडी-६. त्याची जन्मकथा भन्नाट आहे. फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत एक उड्या मारणारा तुकडा, ट्रान्स्पोझॉन, घुसला. बहुतेक असे तुकडे कुजून जातात. हा मात्र वार असलेल्या सस्तन प्राण्यांत कामाला लागला आणि दुसऱ्याच एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसून राहिला. आज तो गाय, डुक्कर, उंदीर, माणूस सर्वांत आहे. घुसखोराच्या वंशजाला पोलिसात नोकरी लागली म्हणा.

पुढे चीनमध्ये बामा जातीच्या डुकरांत नेमकी ही चिकटण्याची जागा जनुक-संपादनाने बिघडवली. बामा लहान आणि चरबीदार, त्यांच्यात तो 'ए' नव्हता. संपादित डुकरांत आयजीएफ-२ वाढलं आणि मांसही. आजीबाईंना हवा तसा पुरावा: जागा बिघडवा, परिणाम बघा.

आजीची_पोतडी

समाधान झालं. काजवा पाहून विशेष आनंद झाला.

पणजीकार

आमच्या गोव्यात अगोंद गोवन नावाची डुकराची स्थानिक जात आहे, रीतसर नोंदलेली. काळं, आटोपशीर, चरबी भरपूर. युरोपातून पातळ मांसाचं डुक्कर आणून सगळं 'सुधारायचं' म्हणणारे अधूनमधून भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं: चोरिस आणि सोरपोतेल चरबीशिवाय करून दाखवा, मग बोलू. ज्या तुकड्याला तुम्ही 'न बदललेला' म्हणताय, तो आमच्या स्वयंपाकघरात बरोबर काम करतोय.

हॉलंडातला

पणजीकार, शंभर टक्के. 'ए' चांगला आणि 'जी' वाईट असं नाहीच. इटली-स्पेनमध्ये हॅम मुरवणारेही चरबी मागतात.

बुलेटराजा

पणजीकार, पत्ता खाजगी निरोपाने कळवा. डुकराचा नाही, स्वयंपाकघराचा.

मेंढका

मी माण तालुक्यातला. आजा-पणजाची मेंढरं होती, चुलत्यांची अजून आहेत, दिवाळीनंतर कोकणात उतरतात. आमच्या माडग्याळ किंवा दख्खनी मेंढरात असलं काही आहे का? फलटणला जुळ्यांचं जनुक घातलेली मेंढरं आहेत ती याच प्रकारातली का? ती मी बघितलीत.

गुरांचा डॉक्टर

मेंढका, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतलं ते काम. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतलं फेक-बी जनुक दख्खनीत आणलं आणि नारी सुवर्णा तयार झाली. साध्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं, हिला बऱ्याचदा जुळी. पण तो प्रकार वेगळा. तिथे बदल प्रथिनाच्याच भागात आहे, अंडाशयातल्या एका ग्राहक प्रथिनाचं एक अमिनो आम्ल बदलतं. गप्प करणाऱ्या तुकड्याचा तिथे संबंध नाही.

गंमत म्हणजे हेच जनुक ऑस्ट्रेलियात बुरूला मेरिनो म्हणून आधी गाजलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे मेंढ्या नेल्या होत्या, त्यांच्याकडून ते गेलं असं मानतात. म्हणजे आपलाच माल. आणि जुळी झाली तरी दूध दोघांना पुरलं पाहिजे, हे मेंढपाळाला सांगायची गरज नाही. चारा कमी असेल तर जुळी हे वरदान नव्हे.

मेंढका

खरंय. उन्हाळ्यात जुळं झालं की चुलता कपाळाला हात लावायचा.

शंकासुर

बघा, कामाचं उदाहरण निघालं ते जनुकातल्या बदलाचं. सायलेन्सरचं नाही. :)

पेशीपुराण

मग सह्याद्रीतलं देते. कोंबडी.

पिवळ्या कातडीच्या आणि पांढऱ्या कातडीच्या कोंबड्या सर्वांनी पाहिल्या असतील, पाय बघितले तरी कळतं. खाद्यातले, म्हणजे मक्यातले वगैरे, पिवळे रंग बीसीडीओ-२ हे जनुक तोडून टाकतं. पिवळ्या कोंबडीत जनुक शाबूत आहे. यकृतात ते नेहमीसारखं चालतं. फक्त कातडीत ते दबलेलं असतं, त्यामुळे रंग तिथे साठतो. सगळीकडे बंद पडलं असतं तर जीवनसत्त्व-अ च्या हिशेबात घोळ होण्याची भीती. इथे फक्त एका ऊतीत गप्प.

आणि ही पिवळी प्रत आली कुठून? डार्विनपासून बहुतेक सगळे मानत होते की कोंबडीचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा. २००८ मध्ये दिसलं की पिवळ्या कातडीची प्रत तांबड्याकडून नाही, राखी रानकोंबड्याकडून आली आहे. तो फक्त भारतात. पश्चिम घाटात पहाटे ओरडतो तोच. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या ब्रॉयलरमध्ये आपल्या जंगलातल्या पक्ष्याचा एक नियंत्रक तुकडा आहे. शंकासुर, हे दुकान तुमच्या घराजवळचंच निघालं.

शंकासुर

हे मात्र माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला.

कोयनेकाठी

राखी रानकोंबडा आमच्याकडे रोज दिसतो. पण पिवळी कातडी काय आणि पांढरी काय, आपल्याकडे चिकनवाला कातडी सोलूनच देतो!

बुलेटराजा

मग कडकनाथ? तो तर आतूनही काळा.

कोयनेकाठी

सांगलीकडच्या माणसासमोर कडकनाथचं नाव काढू नका हो. कडकनाथ पालनाच्या घोटाळ्यात इथल्या लोकांचे पैसे बुडालेत, जखम ताजी आहे.

पेशीपुराण

:) कडकनाथ उलट्या बाजूचा. त्याच्यात आणि चीनच्या सिल्की कोंबडीत एंडोथेलिन-३ या जनुकाच्या भोवतालचा भाग दुप्पट झाला आहे, त्यामुळे रंगपेशी गर्भातच भरमसाट वाढतात आणि एरवी जात नाहीत तिथेही पोचतात: हाडाचं आवरण, स्नायूभोवतालचा पडदा. तो दडपण्याचा प्रकार नाही, जास्त बोलण्याचा आहे. या धाग्यात नको.

माळरानी

धागाकर्ता म्हणून विचारतो: शेळ्यांत? माझा प्रश्न स्वार्थी आहे.

गुरांचा डॉक्टर

शेळीत एक आहे, आणि ते तुमच्या कामाचं आहे. बिनशिंगी शेळ्या. सानेनसारख्या युरोपियन जातींत बिनशिंगी नर आणि बिनशिंगी मादी लावली की काही पिल्लं गुणसूत्रांनी मादी असूनही धड मादी नसतात, ती गाभण राहत नाहीत. पैदासकारांना हे केव्हापासून ठाऊक होतं, म्हणून एक तरी शिंगांचा ठेवायचा हा नियम. २००१ मध्ये फ्रेंच गटाला कारण सापडलं: पहिल्या गुणसूत्रावरचा ११.७ हजार अक्षरांचा तुकडा गळालाय. त्या तुकड्यात बहुतेक पुन्हापुन्हा येणारी, निरुपयोगी वाटणारी अक्षरं. पण तो गेला की लांबवरच्या फॉक्सएल-२ जनुकाचं काम अंडाशयात चालत नाही. मादीत अंडाशय अंडाशय राहण्यासाठी ते लागतं. ते नाही म्हणून तिथे वृषणाची घडण सुरू होते. डोक्यावर शिंग आणि पोटात अंडाशय, दोघांचा कारभार एका रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यावर.

तुमच्याकडे सानेनचा संकर असेल तर शिंगवाला बोकड ठेवा. उस्मानाबादी असतील आणि बोकड शिंगांचा असेल तर निवांत राहा.

माळरानी

उस्मानाबादीच आहेत, बोकडही शिंगांचा. निवांत झालो.

सई_परदेशी

अवांतर असेल तर माफ करा. आयव्हीएफच्या वासरांत कधीकधी वासरू फार मोठं होतं असं ऐकलं होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? माझ्या भावाने गीरच्या भ्रूण प्रत्यारोपणासाठी नाव दिलंय.

पेशीपुराण

सई, अवांतर नाही, अगदी जवळचं. आई-बापाच्या प्रतींवर ज्या मिथिल खुणा असतात त्यांवरून कुठली प्रत गप्प हे ठरतं. भ्रूण काही दिवस काचेच्या बशीत वाढतो तेव्हा या खुणा कधीकधी पुसट होतात. २००१ मध्ये मेंढीच्या गर्भात दिसलं की अशा वेळी आयजीएफ-२-आर जनुकावरची खूण हरवते आणि ते कमी पडतं. ते वाढीला आवर घालणारं असल्याने गर्भ अवाढव्य होतो. क्लोनिंगमध्येही असेच अडथळे येतात, कारण तिथे प्रौढ पेशीच्या सगळ्या खुणा नव्याने मांडायच्या असतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीची क्लोन केलेली पारडी जन्माला घातली. पहिली काही दिवसांतच गेली, नंतरची गरिमा तगली.

भ्रूण वाढवण्याच्या द्रावणात आता बराच फरक पडला आहे. भावाला एवढंच सांगा की गाय भरवताना आणि वेताच्या वेळी डॉक्टर जवळ असू दे.

वाचनमात्र

कोड्याचं काय झालं? रात्री लिहिते म्हणून गेलात त्याला दोन रात्री झाल्या.

पेशीपुराण

लिहिते, लिहिते.

कॅलिपीजच्या जागी दोन प्रकारची जनुकं शेजारी आहेत. एक टोळी फक्त बापाच्या प्रतीवरून बोलते: डीएलके-१ आणि पेग-११. ही स्नायू वाढवणारी. दुसरी फक्त आईच्या प्रतीवरून: मेग-३ वगैरे. ही प्रथिनं बनवत नाही, नुसता आरएनए बनवते. तो बिघडलेला तुकडा ज्या गुणसूत्रावर असेल, त्या गुणसूत्रावरच्या टोळीचा आवाज स्नायूत वाढतो.

आता मांडा. तुकडा बापाच्या गुणसूत्रावर: डीएलके-१ आणि पेग-११ वाढतात, कोकरू भरदार. तुकडा आईच्या गुणसूत्रावर: नुसते आरएनए वाढतात, दिसायला काहीच नाही. दोन्हीवर: दोन्ही टोळ्या वाढतात, आणि आईकडचे आरएनए बापाकडच्यांना पाडतात. पेग-११ चा आरएनए आईकडून आलेल्या सूक्ष्म आरएनएमुळे कापला जातो. डीएलके-१ चा आरएनए दिसतो, पण प्रथिन बनू दिलं जात नाही. निकाल: साधं कोकरू. मेंडेल चुकला नाही, त्याच्या वाटाण्यांत ही भानगड नव्हती.

एक अक्षरच जबाबदार, याचा सुंदर पुरावा स्वतः सॉलिड गोल्डच्या अंगात सापडला. त्याच्या काही पेशींत बदल होता आणि काहींत नव्हता. म्हणजे बदल तो गर्भात असतानाच झाला. आजूबाजूचा सगळा डीएनए तोच, फरक त्या एका अक्षराचा.

डुकरात चिकटणारं प्रथिन हाती लागलंय, म्हणून तिथे सायलेन्सर हा शब्द मी बिनधास्त वापरते. मेंढीत तो तुकडा लांबून नियंत्रण करतो आणि त्याचं वागणं सायलेन्सरसारखं आहे, इतपतच म्हणते.

हॉलंडातला

आता माझं कोडं. दोन्ही प्रती बदललेला, दिसायला साधा मेंढा घेतला आणि बदल नसलेल्या माद्यांना लावला. पिल्लं कशी?

आजीची_पोतडी

सगळी भरदार! बापाकडून प्रत्येकाला बदललेली येणार, आईकडून साधी. बाप मात्र कळपात सगळ्यांत साधा दिसणार. आणि उलट, भरदार मेंढी बदल नसलेल्या मेंढ्याला लावली तर एकही पिल्लू भरदार नाही.

हॉलंडातला

बरोबर. म्हणजे नुसता नर पाहून विकत घेणाऱ्याची इथे दोन्हीकडून फजिती.

मेंढका

आमचा आजा मेंढा घेताना आधी त्याची पिल्लं बघायला मागायचा. मग एवढं भारी मेंढरू सगळ्यांनी का नाही पाळलं?

गुरांचा डॉक्टर

मांस चिवट निघालं. कापल्यानंतर मांस मऊ होतं ते कॅल्पेन एन्झाइमांमुळे. कॅलिपीजच्या कमरेच्या मांसात त्यांना अडवणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं. ग्राहकाने नाक मुरडलं. बापाकडूनच येतं, दोन प्रतींवर दिसत नाही, म्हणून कळपात सांभाळायलाही किचकट.

बुलेटराजा

चिवट म्हणजे किती शिट्ट्यांचं?

गुरांचा डॉक्टर

तिकडे कमरेचे तुकडे जाळीवर भाजून खातात, तांबड्या रश्श्यात कोणी घालून पाहिलेले नाहीत. तुम्ही मेंढा आणा, कुकर माझा.

मेंढका

आणि पिल्लं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.